सरपंचाचें मानधन : कोणीं द्यावें, कोणीं ठरवावें

या मासिकांत भाताच्या जाती, खतें, खारबंदिस्ती, गुरांचे रोग अशा विषयांवर जाणत्यांचे लेख येतात. मी शेतकीचा पदवीधर नव्हे, मोठा बागाईतदारहि नव्हे. शिक्षण बेताचें, तेंहि मराठी शाळेंतलें. वडिलार्जित थोडी खारेपाटांतली भातजमीन आणि महसूल खात्यांतली कारकुनी एवढ्यावर माझा संसार झाला. आतां पेन्शन घेऊन गडबला घरीं येऊन राहिलों आहें. तेव्हां ज्या गोष्टीची आयुष्यभर संवय झाली, म्हणजे कोणाला किती द्यावयाचें व तें कोणत्या सदराखालीं लिहावयाचें, तिच्याचविषयीं चार शब्द लिहिण्याची परवानगी मागतों. विषय सरपंचाच्या मानधनाचा आहे. हा शेतीचा विषय नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु पाणंद रस्ता, गांवचें तळें, सांडपाण्याचा ओहोळ, घरपट्टी, आणि खारबांधाला भगदाड पडलें कीं अर्ज घेऊन पेणला व अलिबागेला धांवणें, हीं सर्व कामें ज्याच्याकडे आहेत त्याचा मोबदला हा शेतकऱ्याचाच विषय आहे.

ता. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं मुंबईस मंत्रिमंडळानें सरपंच व उपसरपंच यांचें मानधन दुप्पट केलें. दोन हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गांवीं सरपंचास दरमहा ३,००० चे ६,००० रुपये झाले. आठ हजारांपर्यंतच्या गांवीं ४,००० चे ८,०००, आणि त्याहून मोठ्या गांवीं ५,००० चे १०,०००. उपसरपंचांस अनुक्रमें २,०००, ३,००० व ४,००० रुपये ठरले. सरकारी तिजोरीवर वर्षास ११६ कोटींचा जादा बोजा पडेल असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. राज्यांत ग्रामपंचायती सुमारें अठ्ठावीस हजार आहेत. भागाकार केला तर एका गांवामागें वर्षास एकेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम येते. आंकडा ऐकावयास मोठा आहे, पण गांवाच्या मापानें पाहिला तर एका बऱ्या म्हशीच्या किंमतीपेक्षां कमीच भरेल.

ही बातमी आली तेव्हां आमच्याकडे ओट्यावर दोन मतें निघालीं. एक मत असें कीं, सेवा करावयाला निघालेल्या माणसाला पगार कशाला? दुसरें असें कीं, सहा हजारांत पेट्रोल तरी सुटतें काय? दोन्ही मतांचा झगडा 'किती' या एका शब्दावर. हें मानधन कोणीं ठरविलें, कोणाच्या पैशानें दिलें जातें, आणि वाढ कधींपासून लागू झाली, हें कोणीच विचारलें नाहीं. माझ्या मतें खरी गोम तेथें आहे.

पहिल्या मताचा समाचार आधीं घेतों. गांवकीचें काम फुकट करावयाचें असतें ही समजूत आपली जुनी नव्हे. पाटील व कुलकर्णी यांना वतन असे: इनाम जमीन, रयतेकडून धान्याच्या रूपानें मिळणारा हक्क, आणि पुढें वसुलावर शेकडेवारीनें मिळणारा मुशाहिरा. (महारांच्या वतनांत मोबदला थोडा आणि राबणूक फार, हा अन्याय होता, तो वेगळा लिहावा लागेल.) वतनाची पद्धति वंशपरंपरेची असल्यामुळें ती गेली हें चांगलें झालें. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. परंतु काम करणाराला गांवानें कांहीं दिलें पाहिजे, एवढी गोष्ट त्या पद्धतींत स्पष्ट होती.

आपल्या खारेपाटांतलें उदाहरण तर याहून बोलकें आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या ग्याझेटियरांत शिलोत्री जमिनींची हकीकत दिली आहे. खाडीचें पाणी अडवून काढलेल्या भातजमिनीचा बाहेरचा बांध राखण्याचें काम शिलोत्रीदाराकडे असे, आणि त्याबद्दल सरकारी धाऱ्याखेरीज कुळांकडून बिघ्यामागें मणभर धान्य त्याला मिळे. तें धान्य त्याच्या मोठेपणाचें नव्हतें, बांधाचें होतें. उधाणाच्या भरतीला बांध फुटून शेतांत मीठ बसलें, तर कुळाला खळ्यावर उभें राहून म्हणतां येई कीं, आमचा मण नेलास, आतां आमचा बांध कोठें आहे तो दाखव. सगळेच शिलोत्रीदार चोख होते असें मी म्हणणार नाहीं. मण नेऊन बांधाकडे पाठ फिरविणारेहि असणारच. पण विचारावयाचें कोणाला हें लहान पोरालाहि ठाऊक होतें. पुढें १९४८ चा खारभूमि कायदा झाला, मग १९७९ चा झाला, आणि बाहेरच्या बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. खर्चाच्या मानानें तें योग्यच होतें. एवढे बांध कुळांच्या मणावर राहिले नसते. मात्र आतां बांधाला खांड पडली म्हणजे कोणत्या कचेरींत जावें याचा शोध लागेपर्यंतच एक पावसाळा निघून जातो.

फुकट कामाची चाल इंग्रजी अमलांत पडली. १८८४ सालीं लोकल बोर्डें निघालीं, १९२० व १९३३ सालीं मुंबई इलाख्यासाठीं ग्रामपंचायतींचे कायदे झाले. सभासदत्व हें मानाचें, म्हणजे बिनपगारी. मान ज्याला परवडेल त्यानेंच तो घ्यावा, असा त्याचा उघड अर्थ होता. खोत, इनामदार, सावकार, वकील यांना तो परवडत होता. अलिबाग तालुक्यांत चरीच्या कुळांनीं १९३३ पासून सहा वर्षें जमिनी न कसतां खोतांशीं संप चालविला, त्या काळांत बोर्डाच्या खुर्चीवर हातानें नांगर धरणारें कूळ दिसणें विरळाच. त्याला कायद्यानें बंदी होती असें नव्हे. त्याला दिवस मोडणें शक्य नव्हतें इतकेंच.

ही गोष्ट विलायतेंतल्या मजुरांनीं आपल्या आधीं ओळखली. १८३८ च्या त्यांच्या जाहीरनाम्यांत ज्या सहा मागण्या होत्या, त्यांत पार्लमेंटच्या सभासदांस वेतन द्यावें ही एक होती. वेतन नसेल तर गरिबाला मत देतां येईल, पण निवडून जातां येणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें. ती मागणी पुरी होण्यास १९११ साल उजाडलें; त्या वर्षीं सालीना ४०० पौंड ठरले. तत्पूर्वीं मजुरांचे प्रतिनिधि मजूर संघांच्या वर्गणीवर जगत, आणि १९०९ च्या एका न्यायनिवाड्यानें ती वर्गणीहि बंद पडली होती. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्याकडे ही गोष्ट त्यामानानें लवकर झाली, परंतु अर्धवट झाली.

आतां जें मीं स्वतः पाहिलें तें सांगतों. गांवांचीं व माणसांचीं नांवें मुद्दाम देत नाहीं. मी एका तालुक्याच्या कचेरींत असतांना डोंगराकडच्या एका ग्रामपंचायतीच्या सरपंच बाई एका कागदावरील सहीसाठीं येत असत. त्या आदिवासी, जागा राखीव, शेती थोडी, आणि पोट मजुरीवर. दिवस लावणीचे. पहिल्या खेपेस साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेस साहेब होते, पण एक दाखला कमी पडला. तिसऱ्या खेपेस दाखला होता, पण साहेब जिल्ह्याच्या मीटिंगला गेले होते. बाई माझ्या टेबलाशीं येऊन म्हणाल्या, "भाऊसाहेब, आजचा पन रोज ग्येला." रागाचा सूर नव्हता; हिशेब सांगावा तसें त्या म्हणाल्या. ही २०१९ च्या आधींची गोष्ट आहे. त्या वेळीं लहान गांवच्या सरपंचास महिन्याला १,००० रुपये मानधन होतें, आणि तेंहि दरमहा न येतां साठून येई. त्या दिवशीं मीं त्यांना चहा पाजला, कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि एवढ्यावर माझें समाधान झालें. आज तें आठवून मला स्वतःचीच थोडी लाज वाटते. त्यांच्या चार दिवसांची भरपाई एका चहानें झाली असें मीं मनांत धरलें होतें.

त्याच सुमारास दुसरे एक सरपंच येत. गाडींतून येत, कचेरींतल्या सर्वांची नांवानें विचारपूस करीत. ते मानधन घेत नसत; सारी रक्कम देवळाच्या जीर्णोद्धाराला दिल्याचें त्यांनीं सभेंत जाहीर केलें होतें, आणि त्यांचा सत्कारहि झाला होता. पुढें गांवच्या रस्त्यावर जी खडी पडली ती त्यांच्याच घरच्या डंपरनें पडली. खडी कमी होती कीं जास्त, मला ठाऊक नाहीं. तें माझ्या टेबलाचें काम नव्हतें. पण ग्रामसभेंत एका म्हाताऱ्यानें हिशेब विचारला, तेव्हां चार जण त्याच्याच अंगावर धांवून गेले. "अरे, तो मनुष्य एक पैसा घेत नाहीं आणि तूं त्याला हिशेब विचारतोस?" म्हातारा खालीं बसला.

बंधूंनो, मला जें सांगावयाचें आहे तें त्या म्हाताऱ्याच्या खालीं बसण्यांत आहे. ज्याला आपण कांहीं देत नाहीं, त्याला कांहीं विचारतांहि येत नाहीं. फुकट काम करणारा सरपंच आपणांस स्वस्त पडतो असें वाटतें. तो फार महाग पडतो. शिलोत्रीदाराला दिलेला मण हा बांधाचा खर्च तर होताच, शिवाय तो विचारण्याच्या हक्काची किंमत होता. सरपंचाच्या मानधनाकडे मी त्याच दृष्टीनें पाहतों. आणि म्हणूनच तें कोणाच्या हातून येतें याला रकमेइतकेंच महत्त्व आहे असें माझें मत झालें आहे.

आज तें कोणाच्या हातून येतें? रकमेचा मोठा हिस्सा सरकार देतें, उरलेला ग्रामपंचायतीनें आपल्या निधींतून घालावयाचा असतो. किती द्यावयाचें हें मुंबईस ठरतें. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालीं हा अधिकार सरकारचा आहे. गांवाला कोणी विचारीत नाहीं. २०१९ सालीं जुलै महिन्यांत मानधन १,००० चे ३,००० झालें, आणि त्याच सालीं ऑक्टोबरांत विधानसभेची निवडणूक झाली. २०२४ सालीं सप्टेंबरांत ३,००० चे ६,००० झालें, आणि नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली. यांतून वाचकांनीं काय तो अर्थ काढावा. मी कारकून माणूस, तारखांशेजारीं तारखा मांडून दाखवितों. दोन्ही वाढी न्याय्यच होत्या. परंतु न्याय्य गोष्ट कृपा म्हणून मिळाली म्हणजे घेणाराचें तोंड देणाराकडे वळतें. सरपंचाचें तोंड गांवाकडे असावें कीं मुंबईकडे, हा प्रश्न आहे. २०१७ पासून सरपंच थेट गांवाच्या मतानें निवडला जाऊं लागला. २०२० सालीं ती पद्धति बंद झाली व २०२२ सालीं पुन्हां सुरू झाली. निवड गांवानें करावयाची आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीनें वाढावयाचा, हा मेळ मला जुळत नाहीं.

मर्जीनें वाढणाऱ्या रकमेचा आणखी एक दोष आहे, तो आंकड्यांनींच दाखवावा लागेल. रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर महाराष्ट्रांत २०१९-२० सालीं २०६ रुपये होता. त्या हिशेबानें जुने १,००० रुपये म्हणजे जेमतेम पांच दिवसांची मजुरी. ३,००० रुपये म्हणजे साडेचौदा दिवसांची. २०२४-२५ सालीं तोच दर २९७ रुपये झाला. म्हणजे तेवढ्या पांच वर्षांत सरपंचाचे तीन हजार तीन हजारच राहिले, आणि साडेचौदा दिवसांचे दहा दिवस झाले. कोणींहि कपात केली नाहीं, कोणताहि हुकूम निघाला नाहीं, तरी मानधनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गळून गेला. मग एका दिवशीं तें दुप्पट झालें व वीस दिवसांवर आलें. २०२५-२६ सालीं मजुरीचा दर ३१२ रुपये झाला. लगेच वीसाचे सव्वाएकोणीस झाले. पुढली वाढ येईपर्यंत गळती चालूच राहणार. ज्या घरीं दुसरी मिळकत आहे तेथें ही गळती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्या बाईंच्या घरीं ती चुलीपर्यंत पोंचते.

भातानें मोजावें असें आपल्यापैकीं कांहीं जण म्हणतील, कारण शेतकऱ्याला तें माप जवळचें. मींहि करून पाहिलें. साध्या भाताची आधारभूत किंमत २०१९-२० सालीं क्विंटलला १,८१५ रुपये होती, २०२४-२५ सालीं २,३०० रुपये. तेव्हां तीन हजारांत त्या वेळीं पावणेदोन क्विंटलांस थोडें कमी भात येई, पुढें सव्वा क्विंटलांहून थोडेंच अधिक येऊं लागलें. दुप्पट झाल्यावर अडीच क्विंटलांच्या वर गेलें. म्हणजे माप कोणतेंहि घ्या, गोष्ट तीच. तरी मला मजुरीचें माप अधिक बरें वाटतें. भाताचा भाव दिल्लीस ठरतो आणि आपल्या खळ्यावर तो बहुधा तितका मिळतहि नाहीं, हें एक. दुसरें असें कीं, सरपंच होणारा गरीब मनुष्य भात गमावीत नाहीं, दिवस गमावतो. जें गमावतो त्याच मापानें भरून द्यावें. मानधन 'इतके रुपये' असें न लिहितां 'इतक्या दिवसांची मजुरी' असें लिहिलें, कीं दरवर्षीं मजुरीचा दर बदलला म्हणजे मानधन आपोआप बदलेल, मंत्र्याकडे शिष्टमंडळ न्यावें लागणार नाहीं, आणि सत्कारसमारंभहि करावा लागणार नाहीं.

ही कल्पना कांहीं अचाट नव्हे. दिल्लीच्या खासदारांनीं आपल्यापुरती ती केव्हांच अमलांत आणली आहे. पूर्वीं ते आपलें वेतन आपणच ठरवून घेत व त्यामुळें त्यांना लोकांचे बोल ऐकावे लागत. २०१८ सालच्या वित्त कायद्यानें त्यांचें मूळ वेतन एक लाख ठरलें व दर पांच वर्षांनीं महागाईच्या निर्देशांकाप्रमाणें तें वाढावें अशी तरतूद झाली. त्याप्रमाणें मार्च २०२५ मध्यें तें १,२४,००० झालें, व तेंहि १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागील तारखेनें. आमच्या कचेरींत मागील तारखेची वाढ मिळाली कीं पेढे वांटण्याची चाल होती. मुंबईच्या आमदारांनीं तेवढीहि तोशीस घेतली नाहीं. २०१६ सालीं ऑगस्टांत आपलें वेतन सुमारें पाऊण लाखावरून एक लाख सत्तर हजारांच्या घरांत नेण्याचें बिल त्यांनींच मंजूर केलें. ज्यांनीं आपल्यासाठीं इतकी सोय पाहिली, त्यांना सरपंचासाठीं एक साधा नियम करणें जड जाऊं नये.

वाढ कोणाला लागू व्हावी याविषयीं अमेरिकेच्या राज्यघटनेंत एक शहाणपणाचें कलम आहे. तेथील लोकप्रतिनिधींच्या वेतनांतला कोणताहि फेरबदल मध्यें एक निवडणूक झाल्यावांचून अमलांत येत नाहीं. हें कलम १७८९ सालीं सुचविलें गेलें आणि मंजूर झालें १९९२ सालीं. (आमच्या कचेरींतल्या कागदांना उशीर होतो असें म्हणणारांनीं हें लक्षांत ठेवावें.) खुर्चीवर बसलेल्यानें आपल्या ताटांत वाढून घेऊं नये, पुढें बसणाराच्या ताटाचा विचार करावा, इतकाच त्याचा भाव. दर मजुरीशीं जोडला तर रोजच्या वाढीचा प्रश्न मिटतो. पण 'किती दिवस' हा आंकडा बदलावयाचा असेल, तर तो पुढल्या मुदतीच्या सरपंचापासूनच बदलावा. विलायतेंत स्थानिक मंडळांच्या सभासदांचे भत्ते सुचविण्यासाठीं बाहेरच्या माणसांची स्वतंत्र समिति असते व मंडळाला तिची शिफारस विचारांत घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यास अशी एक समिति पुरेल. गांवोगांव समित्या नेमण्याचा मी विरोधी आहें, कारण त्यांचाच भत्ता मग ठरवीत बसावें लागेल.

वस्तीवरून तीन पायऱ्या पाडण्याची जी रीत आहे, तीहि एकदां तपासली पाहिजे. एक हजार नऊशें नव्व्याण्णव माणसांच्या गांवीं सहा हजार, आणि दोन माणसें वाढलीं कीं आठ हजार, हें गणित शाळेंतला मुलगाहि हसून सोडून देईल. शिवाय माणसें मोजावयाचीं तीं शेवटल्या शिरगणतीवरून, आणि आपल्याजवळची शेवटली पुरी झालेली शिरगणती २०११ सालची. २०२१ ची झालीच नाहीं. आपल्या पेण तालुक्यांत महामार्गाच्या व डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या आसपास त्यानंतर किती बिऱ्हाडें आलीं हें डोळ्यांना दिसतें, दप्तरांत दिसत नाहीं. उलट डोंगराकडे गांव लहान, पण वाड्या दूरदूर. एका वाडीवरून दुसरीवर जाण्यास अर्धा दिवस मोडतो. वस्ती थोडी म्हणून मोबदला थोडा, आणि पायपीट मात्र दुप्पट. वाड्यांची संख्या व अंतर हीं हिशेबांत धरल्याशिवाय ही विषमता जाणार नाहीं.

आणखी एक तुलना मनाला लागते. पोलीस पाटील हा सरकारनें नेमलेला असतो; त्याचें मानधन २०२४ सालीं मार्चांत ६,५०० चें १५,००० झालें. पोलीस पाटलाला अधिक मिळालें याचें मला वाईट वाटत नाहीं, गांवांत भांडण झालें म्हणजे रात्रीं त्यालाच उठवितात. पण त्याच गांवानें मत देऊन निवडलेल्या सरपंचास सहा हजार, आणि नेमलेल्यास पंधरा, यावरून सरकारच्या दृष्टीनें गांवाच्या मताची किंमत काय तें कळतें.

आतां माझी सूचना. मानधनाचा दर राज्याच्या कायद्यानें दिवसांच्या मजुरींत ठरवावा. पैसा मात्र गांवाच्या निधींतून, ग्रामसभेच्या मंजुरीनें जावा. ज्या गांवाची घरपट्टी तुटपुंजी आहे त्याला सरकारनें अनुदान द्यावें, पण तें गांवाच्या खात्यांत द्यावें, सरपंचाच्या नांवानें नव्हे. महिन्याची रक्कम महिन्यालाच मिळावी. सहा सहा महिने साठवून दिलेलें मानधन सावकाराच्या व्याजांत जातें. आणि पाणी सोडणारा, झाडलोट करणारा, शिपाई यांचा पगार थकलेला असेल तर सरपंचाचें मानधन त्यांच्यामागून निघावें. हें शेवटलें कलम कडक आहे असें एका माजी सरपंचांनीं मला सांगितलें. मीं तें गाळलें नाहीं.

याजवर आक्षेप येतील. पैसा मिळतो म्हटलें कीं नको ते लोक उभे राहतील, हा नेहमींचा. मी विचारतों, निवडणुकींत आज जो खर्च करतो तो काय सहा हजारांकडे पाहून करतो? त्याची नजर कोठें असते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मानधनाकडे पाहून उभा राहणारा मनुष्य निदान आपल्या नजरेंत राहतो. दुसरा आक्षेप असा कीं, नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारसारख्या गांवांनीं मोठ्या मानधनावांचून नांव काढलें. तें खरेंच आहे. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं त्या गांवानें पाणी अडविलें, बोरवेलवर बंधन घातलें, आणि आज लोक तें पाहावयाला जातात. परंतु अठ्ठावीस हजार गांवांना अठ्ठावीस हजार पोपटराव मिळतील अशा भरवशावर कायदा करतां येत नाहीं. बियाणें निवडतांना आपण शंभरांतलें एक टपोरें कणीस पाहून अवघ्या शेताचा अंदाज करीत नाहीं.

तिसरा आक्षेप मला खरा जड वाटतो, तो लपवीत नाहीं. गांवच पैसा देणार म्हटल्यावर ज्या गांवांत एका घराची मुखत्यारी आहे तेथें आदिवासी किंवा बाई सरपंच असेल, तर तिचें मानधन मंजूर करण्यांत मुद्दाम अडथळे येतील. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर राखीव जागा आल्या, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठीं झाल्या. खुर्ची मिळाली, पण खुर्चीभोंवतीं उभे असणारे तेच राहिले, असें कित्येक ठिकाणीं मीं पाहिलें आहे. म्हणून दर ठरविण्याचा किंवा तो अडविण्याचा अधिकार ग्रामसभेला नसावा. तिच्यापुढें हिशेब मांडावा: इतक्या दिवसांचें मानधन दिलें, इतक्या सभा झाल्या, पेणच्या व अलिबागेच्या इतक्या खेपा झाल्या, त्यांतून हें झालें व हें राहिलें. दोन महिन्यांच्या आंत मंजुरी न मिळाल्यास ती मिळाली असें समजावें. एवढ्यानें सर्व अडथळे दूर होतील असें मी म्हणत नाहीं. त्या तालुक्यांतल्या बाई आज असत्या तर या कलमावर काय म्हणाल्या असत्या, हें पुष्कळदां मनांत येतें. बहुधा, आधीं सही कोण करतो तें सांगा, असें म्हणाल्या असत्या.

येत्या ग्रामसभेपुढें ठेवण्यासाठीं वरील आशयाच्या ठरावाचा मसुदा मीं करून ठेवला आहे. ज्या गांवांना तो हवा असेल त्यांनीं या मासिकाच्या मार्फत कळवावें, नक्कल पाठवीन. मसुद्यांत एकच जागा कोरी आहे, 'महिन्यास किती दिवसांची मजुरी' ही. तेथें मीं प्रथम बावीस लिहिलें होतें, मग खोडून वीस केलें. तेंहि खोडून जागा मोकळी ठेवली आहे. आंकडा सभेनें भरावा, आणि भरतांना लावणीच्या दिवसांत पेणला तीन हेलपाटे घालून पाहिलेल्या एखाद्या माणसाला आधीं बोलूं द्यावें.